संधिवातानं बुबुळाची कड झिजतेय. स्टेम सेल टोचून घ्यायच्या का?

गोव्यातल्या डिचोलीहून एका मुलीनं विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. आई ५८ वर्षांची, बारा वर्षांपासून रुमॅटॉइड संधिवात. महिन्यापूर्वी उजवा डोळा लाल झाला, ठणकायला लागला, उजेड सहन होईना. तपासल्यावर कळलं की बुबुळाच्या कडेला चंद्रकोरीसारखा व्रण, म्हणजे जखम, पडलाय आणि तिथली जाडी निम्म्यावर आलीय. सलाईनमधून स्टिरॉइड दिलं, मेथोट्रेक्सेटचा डोस वाढवला, आता रिटुक्सिमॅबचं बोलणं चाललंय (दोन्ही प्रतिकारशक्ती आवरणारी औषधं). तेवढ्यात मुंबईच्या मावसभावानं मोबाईलवर एक जाहिरात पाठवली: पोटाच्या चरबीतून स्टेम सेल काढून टोचतात, ऑटोइम्यून आजार मुळापासून बरा होतो, खर्च अडीच लाख. मुलगी विचारते, "एवढ्या जड औषधांपेक्षा हेच बरं नाही का? दागिने मोडून पैसे उभे करू."

दागिने मोडू नका. स्टेम सेलची वेळ आत्ता नाही, आणि त्या जाहिरातीतल्या उपचाराची वेळ पुढेही कधी येणार नाही. तुम्ही ज्यांना जड म्हणताय त्याच औषधांनी आईचा डोळा वाचणार आहे. पण स्टेम सेल हा विषय खोटा नाही. माझ्यासारख्या कॉर्नियाच्या, म्हणजे बुबुळाच्या, डॉक्टरला तो रोजच्या कामाचा आहे आणि आपल्या देशात त्यावर जगानं दखल घ्यावी असं काम झालंय. म्हणून नुसतं 'नको' म्हणून थांबत नाही. या पेशी असतात कुठे, ऑटोइम्यून आजारात, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच अंगावर उलटते तेव्हा, त्यांचं काय होतं आणि त्या कधी कामाला येतात, हे नीट सांगते. पुढे दुसरं कुणी काही विकायला आलं तर तुमचं तुम्हालाच ताडता येईल.

डोळ्याचा काळा भाग आणि पांढरा भाग जिथे मिळतो त्या कडेला लिंबस म्हणतात. दीड-दोन मिलिमीटर रुंदीचा पट्टा. स्लिट लॅम्प या डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली, वरची पापणी जरा उचलून पाहिलं की आपल्याकडच्या डोळ्यांत तिथे बारीक, तपकिरी किनारीच्या उभ्या रेघा ओळीनं दिसतात. वर आणि खाली जास्त स्पष्ट, दोन्ही बाजूंना पुसट. या रेघांच्या मधल्या खाचांमध्ये, अगदी तळाच्या थरात, कॉर्नियाच्या मूळ पेशी, म्हणजेच स्टेम सेल, राहतात. कॉर्निया म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक भाग, मध्यावर साधारण अर्धा मिलिमीटर जाड. त्याचा सगळ्यात वरचा थर आठवडा-दहा दिवसांत नवा होतो. जुन्या पेशी पापण्यांच्या उघडझापीत गळून जातात आणि नव्या पेशी कडेकडून मध्याकडे सरकत येतात. त्या नव्या पेशी पुरवणं हे मूळ पेशींचं एक काम. दुसरं काम तितकंच मोठं: पांढऱ्या भागावरची नेत्रश्लेष्मा, म्हणजे पातळ अस्तर, आणि तिच्या रक्तवाहिन्या कॉर्नियावर चढू न देणं. मूळ पेशी संपल्या की वरची जखम भरत नाही, पांढऱ्या भागावरचं अस्तर कॉर्नियावर पसरतं, लाल शिरा आत घुसतात आणि डोळ्यात फूल पडल्यासारखं दिसायला लागतं.

मग ऑटोइम्यून आजार नेमका या कडेलाच का येतो? कॉर्नियाच्या मध्यात रक्तवाहिनी नसते, म्हणून तो पारदर्शक राहतो आणि प्रतिकारशक्तीच्या नजरेआड राहतो. लिंबसला मात्र केशवाहिन्यांचे शेवटचे वळसे येऊन थांबतात. लसिकावाहिन्याही तिथेच, परका पदार्थ हेरणाऱ्या लँगरहान्स पेशीही तिथेच जास्त. संधिवातात रक्तात फिरणारे अँटिबॉडींचे गठ्ठे या वळशांत अडकतात, कॉम्प्लिमेंट प्रथिनं जागी होतात, न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी गोळा होतात आणि कोलॅजन विरघळवणारी एन्झाइम्स सोडतात. तुमच्या आईच्या डोळ्यात दिसतोय तो व्रण असा तयार होतो. आम्ही त्याला पेरिफेरल अल्सरेटिव्ह केराटायटिस म्हणतो, बोलताना नुसतं पीयूके. फ्लुओरेसिन या रंगाची केशरी पट्टी डोळ्याला लावून निळ्या प्रकाशात पाहिलं की कडेला समांतर असा हिरवा पट्टा चमकतो, आणि स्लिट लॅम्पचा प्रकाश चिंचोळा करून त्यावर टाकला की तिथे खळगा दिसतो. डॉक्टरांनी जाडी निम्म्यावर आली असं सांगितलं ते यावरून.

इथे एक गोष्ट बारकाईनं पाहायला हवी. या आजारात प्रतिकारशक्तीचा रोख मूळ पेशींवर नसतो. त्या फक्त चुकीच्या जागी राहतात. कडेचा जेवढा तुकडा झिजला तेवढ्यातल्या मूळ पेशी गेल्या, उरलेल्या कडेतल्या शाबूत आहेत. तुमच्या वर्णनावरून आईची निम्म्याहून जास्त कड ठीक असावी. दाह थांबला तर शेजारच्या मूळ पेशी ती जागा आपणहून भरून काढतात. संधिवाताच्या पीयूकेत दाह पूर्ण शमल्यावर महिनाभरात खळग्यावर गुळगुळीत थर आलेला मी कित्येकदा पाहिलाय. बाहेरून एकही स्टेम सेल न घालता. खळगा राहतो, चष्म्याचा नंबर तिरका होतो, पण डोळा राहतो.

आता दुसऱ्या टोकाचं उदाहरण देते, म्हणजे फरक लक्षात येईल. चतुर्थीच्या आधी घराला सफेती करताना चुन्याचा शिंतोडा डोळ्यात गेला, असे रुग्ण आमच्याकडे येतात. (चुना डोळ्यात गेला तर दवाखाना शोधत निघण्याआधी जवळचं कुठलंही स्वच्छ पाणी घेऊन किमान अर्धा तास डोळा धुवा, पापणी उलटून कण काढा. नंतरच्या कुठल्याही ऑपरेशनपेक्षा त्या अर्ध्या तासाची किंमत जास्त आहे.) चुन्यानं त्या एका डोळ्याच्या सगळ्या मूळ पेशी जळून जाऊ शकतात. पण माणूस निरोगी असतो, दुसरा डोळा निरोगी असतो. अशा वेळी दुसऱ्या डोळ्याच्या लिंबसमधून मूळ पेशी आणता येतात. १९८९ साली अमेरिकेत केन्यन आणि त्सेंग यांनी ही वाट घालून दिली, पण त्यात चांगल्या डोळ्यातून बराच मोठा तुकडा घ्यावा लागायचा. १९९७ साली इटलीत पेलेग्रिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिमूटभर तुकडा प्रयोगशाळेत वाढवून त्याचा थर बसवला. आणि २०१२ साली हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतल्या संगवान आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळाच वगळली. त्यांच्या पद्धतीला स्लेट म्हणतात. चांगल्या डोळ्यातून दोन मिलिमीटर बाय दोन मिलिमीटरचा तुकडा घ्यायचा, त्याचे आठ-दहा बारीक कण करायचे. आजारी कॉर्नियावर चढलेलं मांस सोलून काढायचं, त्यावर बाळाच्या वारेचं पातळ आवरण फायब्रिन ग्लूनं चिकटवायचं, वर ते कण गोलाकार मांडायचे, मध्य मोकळा ठेवून. पुन्हा ग्लूचा थेंब, वर मऊ कॉन्टॅक्ट लेन्स. दोनेक आठवड्यांत प्रत्येक कणाभोवती पेशी पसरत जाऊन एकमेकींना मिळतात. हे रोज तपासताना डोळ्यांसमोर घडताना दिसतं, आणि इतक्या वर्षांनंतरही त्याचं मला अप्रूप आहे. एका डोळ्याला भाजल्याच्या १२५ रुग्णांचा पुढचा मागोवा याच संस्थेनं २०१६ साली मांडला. चारातल्या तीन डोळ्यांत कॉर्निया स्वच्छ, न भरणाऱ्या जखमेविना टिकला होता.

तुमचा प्रश्न इथे येणार हे उघड आहे: मग हेच आईला का नाही? आपल्याकडच्या खाजन शेतीचं, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीचं, उदाहरण घ्या. बांध फुटून खारं पाणी शेतात शिरलं तर कितीही चांगलं बियाणं टाका, रुजत नाही. आधी बांध घालायचा, मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, दुरुस्त करायची, पावसानं खार धुऊन निघू द्यायचा, मग पेरायचं. चुन्याचा डोळा म्हणजे एकदाच पाणी शिरून गेलेलं शेत. संधिवाताचा डोळा म्हणजे अजून रोज भरतीला पाणी शिरतंय असं शेत. दाह चालू असताना त्यात मूळ पेशी ठेवल्या तर ज्या रसायनांनी पहिल्या पेशी मारल्या तीच या नव्यांनाही मारतात. आणि मारत नसतील तिथे बिघडवतात: सतत दाह असला की या पेशी कॉर्नियाच्या पेशी बनवायचं सोडून त्वचेसारख्या, खरखरीत पेशी बनवायला लागतात. म्हणजे पेशी जिवंत, पण डोळ्याला निरुपयोगी. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मूळ पेशींचं जे उत्पादन युरोपनं २०१५ साली मान्य केलं, त्याच्या मान्यतेत रसायनानं किंवा उष्णतेनं भाजणं एवढंच कारण लिहिलंय. ऑटोइम्यून आजार त्यात नाहीत, ते उगाच नाही.

ज्या आजारांत मूळ पेशी दोन्ही डोळ्यांतून पूर्ण जातात तेही थोडं सांगते, कारण इंटरनेटवर वाचलेलं बरंचसं त्यांच्याबद्दल असतं आणि लोक ते संधिवाताला लावतात. एक म्युकस मेम्ब्रेन पेम्फिगॉइड, खरा ऑटोइम्यून आजार, उतारवयात हळूहळू डोळ्यांच्या अस्तराला आतून आकसत नेणारा. दुसरा स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम: फिट्सची, सल्फाची किंवा गाऊटची एखादी गोळी घेतल्यावर अंगभर फोड, तोंड सोललेलं, डोळे चिकटलेले. प्रतिकारशक्तीनंच केलेला, पण औषधानं सुरू झालेला. या दोन्हींत दुसरा डोळाही गेलेला, म्हणजे स्वतःच्या मूळ पेशी आणायच्या कुठून? बहिणीच्या, भावाच्या किंवा मृत दात्याच्या डोळ्यातून आणता येतात, पण लिंबस रक्तवाहिन्यांनी भरलेली जागा आहे, तिथे परकी पेशी शरीर पटकन ओळखतं. साध्या नेत्ररोपणापेक्षा नाकारली जाण्याची शक्यता बरीच जास्त, म्हणून टॅक्रोलिमससारखी औषधं वर्षानुवर्षं घ्यावी लागतात. म्हणजे ज्यांना टाळायला माणूस स्टेम सेलकडे निघाला, तीच औषधं दुपटीनं मागे लागतात. एक पर्याय गालाच्या आतल्या अस्तराच्या पेशी वाढवून बसवायचा. क्योतो आणि ओसाकाच्या डॉक्टरांनी २००४ साली त्याचे निकाल मांडले आणि २०२१ साली जपाननं अशा पेशींच्या पडद्याला रीतसर मान्यता दिली. त्या पेशी माणसाच्या स्वतःच्या असतात, नाकारल्या जात नाहीत. पण त्यांच्यामागे शिरा येतात, त्यामुळे नजर काचेसारखी लख्ख होत नाही. डोळ्याचा पृष्ठभाग स्थिर होतो, हाच मोठा फायदा.

स्टीव्हन्स-जॉन्सनच्या मुलांबद्दल एक सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्यांच्या कॉर्नियाचं बरंचसं नुकसान पापणीच्या आतल्या कडेनं होतं. ती कड खरखरीत झालेली असते आणि दर उघडझापीला बुबुळ खरवडते. तिथे ओठाच्या आतलं अस्तर बसवलं आणि मोठी स्क्लेरल लेन्स दिली, तर कसलीही मूळ पेशी न घालता कित्येक मुलं पुन्हा शाळेत फळा वाचतात. आणि आजाराच्या पहिल्या आठवड्या-दहा दिवसांतच वारेचं आवरण डोळ्यावर बसवलं तर पुढचं बरंचसं टळतं. त्वचेच्या वॉर्डात असं मूल दाखल झालं की पहिल्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरला बोलवा, हे आमचं सगळ्यांकडे मागणं आहे.

आता जाहिरातीतल्या पेशींकडे येते. पोटाच्या चरबीतून काढतात त्या मेसेन्कायमल पेशी. त्या कॉर्नियाचा वरचा थर बनवत नाहीत. त्यांच्याकडून अपेक्षा वेगळी आहे: त्या अशी रसायनं सोडतात की आजूबाजूच्या प्रतिकारपेशी शांत होतात. प्राण्यांवर हे अनेकदा दिसलंय आणि शास्त्र म्हणून मला त्यात मनापासून रस आहे. स्पेनमध्ये वायादोलिदच्या गटानं अस्थिमज्जेतल्या अशा पेशी लिंबल मूळ पेशींच्या जागी बसवून पाहिल्या आणि २०१९ साली दोन्हींचे निकाल जवळपास सारखे आल्याचं मांडलं; रुग्ण थोडे होते. तुमच्या आईच्या जवळचा प्रयोग म्हणाल तर कोपनहेगनचा. श्योग्रेन म्हणजे डोळे-तोंड कोरडं पाडणारा ऑटोइम्यून आजार, संधिवाताच्या बऱ्याच रुग्णांना तो सोबत असतो. तिथल्या डॉक्टरांनी दात्याच्या चरबीतल्या पेशी अश्रुग्रंथीत टोचल्या. टोचणं सुरक्षित ठरलं, अश्रू थोडे वाढले. पण पेशी नसलेलं नुसतं द्रावण ज्यांना टोचलं त्यांचाही त्रास कमी झाला. एवढ्यासाठीच नीट चाचणी लागते. अडीच लाख मोजलेल्या माणसाला बरं वाटणारच, त्यातलं पेशींनी किती केलं हे तुलनेशिवाय कसं कळणार? आणि कडेनं विरघळणाऱ्या कॉर्नियाला या पेशींनी वाचवलं, असं दाखवणारी चाचणी मला माहीत असलेल्या अभ्यासांत नाही.

अस्थिमज्जा बदलून प्रतिकारशक्ती नव्यानं घडवायची, हाही एक मार्ग काही फार गंभीर ऑटोइम्यून आजारांत वापरतात. डोळ्याच्या व्रणासाठी तो कुणी सुचवला तर तिथून उठा. दुसऱ्याची अस्थिमज्जा घेतलेल्या कित्येक रुग्णांत त्याच नव्या पेशी अश्रुग्रंथींवर आणि डोळ्याच्या अस्तरावर उलटतात आणि आयुष्यभराचे कोरडे डोळे मागे ठेवतात. कर्करोगात जीव वाचतो म्हणून ती किंमत पत्करतात.

कायद्याचं म्हणाल तर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत. रक्ताच्या आजारांसाठीचं अस्थिमज्जेचं रोपण सोडलं तर स्टेम सेल टोचणं हा प्रस्थापित उपचार नाही. तो मंजुरी घेतलेल्या, नोंदणी झालेल्या चाचणीतच करायचा, आणि चाचणीतल्या रुग्णाकडून त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. म्हणून मावसभावाला एकच प्रश्न विचारायला सांगा: क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियाचा या उपचाराचा नोंदणी क्रमांक काय? क्रमांक दिला तर ती चाचणी पीयूकेसाठीच आहे का ते उघडून पाहा, आणि मग अडीच लाख कशाचे हे विचारा. बहुतेक ठिकाणी पहिल्याच प्रश्नाला फोनवरचा आवाज बदलतो. दुसरी खूण अशी की, संधिवाताच्या गोळ्या आधी बंद करा, असं कुणी म्हणालं तर पुढचं ऐकूच नका. काही ठिकाणी रक्त फिरवून काढलेला प्लेटलेटचा भाग स्टेम सेल म्हणून विकतात, त्यात स्टेम सेल नसतात. स्वतःच्या रक्तातल्या सिरमचे थेंब मात्र वेगळे, कोरड्या डोळ्याला ते खरोखर गुण देतात आणि फ्रिजमध्ये नीट ठेवून वापरता येतात. 'आपल्याच अंगातल्या पेशी, त्यांनी काय बिघडणार' असंही ऐकायला मिळेल. २०१७ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अमेरिकेतल्या तीन स्त्रियांची हकिगत आली. पडद्याच्या आजारासाठी त्यांनी पैसे भरून स्वतःच्याच चरबीतल्या पेशी दोन्ही डोळ्यांत टोचून घेतल्या होत्या. तिघींचीही दृष्टी जवळजवळ पूर्ण गेली.

आता तुमच्या आईबद्दल. त्या व्रणाकडे नुसता डोळ्याचा आजार म्हणून पाहू नका. कॉर्नियाची कड विरघळते तेव्हा शरीरात दुसरीकडेही बारीक रक्तवाहिन्यांना दाह असू शकतो: मूत्रपिंड, फुफ्फुस, पायाच्या नसा. १९८४ साली बॉस्टनच्या फॉस्टर आणि सहकाऱ्यांनी संधिवातात असा डोळा झालेल्या रुग्णांचा मागोवा मांडला. ज्यांना प्रतिकारशक्ती आवरणारी औषधं दिली नाहीत त्यांतले निम्म्याहून जास्त पुढच्या काळात दगावले. ज्यांना दिली त्यांत एखादाच. आज औषधं त्याहून कितीतरी चांगली आहेत. म्हणून रिटुक्सिमॅब सुचवणारे डॉक्टर तुमच्या आईच्या डोळ्याइतकाच तिच्या जिवाचा विचार करतायत. ते देण्याआधी हिपॅटायटिस बी आणि क्षयाची तपासणी झालीय ना, छातीचा एक्स-रे, लघवी आणि क्रिएटिनिन पाहिलंय ना, एवढं विचारा. हिपॅटायटिस सीचीही चाचणी असू द्या, कारण त्यातून हुबेहूब असा व्रण होऊ शकतो. व्रणाचा नमुना घेऊन जंतू नाहीत याची खात्री करणंही तितकंच गरजेचं.

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. दिवस ठरवा, कॅलेंडरवर खूण करा, ती पट्टी रोजच्या गोळ्यांच्या डब्यात ठेवूच नका. चुकून रोज घेतल्यानं जिवावर बेतलेली माणसं आम्ही सगळ्यांनी पाहिलीत. सोबतची फॉलिक ॲसिडची गोळी चुकवू नका. ताप आला तर घरी काढा देत बसू नका. पावसाळ्यात शेतात, चिखलात उतरणाऱ्या माणसाला लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसच्या तापाचा) धोका असतोच, आणि या औषधांवर असलेल्या शरीरात कुठलाही संसर्ग झपाट्यानं वाढतो.

डोळ्यात घालायच्या थेंबांबाबत फार काटेकोर राहा. फार्मसीतून दुखण्यासाठी डायक्लोफेनॅक किंवा केटोरोलॅकचे थेंब आणू नका. कोरड्या, झिजलेल्या कॉर्नियाला ते आणखी विरघळवू शकतात. स्टिरॉइडचे थेंबही डॉक्टरांनी सांगितले तेवढेच, कारण संधिवाताच्या पीयूकेत ते कोलॅजन भरून यायला आडकाठी करतात. पोटातून स्टिरॉइड आणि डोळ्यात मात्र बेतानं, हे ऐकायला उलटं वाटतं, पण त्याचं कारण हे आहे. कृत्रिम अश्रू प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्या आणि भरपूर घाला. डॉक्सिसायक्लिनची गोळी दिली असेल तर ती जंतूंसाठी नाही, कोलॅजन खाणारी एन्झाइम्स रोखण्यासाठी आहे. ती मधेच बंद करू नका. खळगा फारच खोल गेला तर डॉक्टर त्यावर सायनोॲक्रिलेट ग्लू लावून वर लेन्स ठेवतील, शेजारच्या दाहग्रस्त अस्तराची पट्टी काढतील, किंवा दात्याच्या कॉर्नियाचा छोटा तुकडा ठिगळासारखा बसवतील. हे ऐकून घाबरू नका. औषधांना काम करायला वेळ मिळावा म्हणून हे सगळं असतं. औषधं न देता नुसतं ठिगळ लावलं तर तेही त्याच कडेनं विरघळतं.

मग आईला मूळ पेशींची गरज कधी पडेल? दाह थांबून, औषधांवर का होईना, किमान सहा महिने ते वर्षभर डोळा शांत राहिला, आणि तरीही त्या भागात वरचा थर वारंवार सुटत असेल किंवा शिरा आत येत राहिल्या, तर. त्या वेळी त्या भागातल्या पेशींचा ठसा कागदावर घेऊन तपासता येतो. कॉर्नियावर श्लेष्मा तयार करणाऱ्या गॉब्लेट पेशी सापडल्या तर मूळ पेशी तिथे हरल्या असं समजायचं. तुटलेला भाग थोडा असेल तर चढलेलं अस्तर खरवडून वारेचं आवरण ठेवणं बऱ्याचदा पुरतं. मोठा असेल तर दुसऱ्या डोळ्यातून कण आणण्याचा विचार, आणि तोही दुसऱ्या डोळ्याला संधिवाताची झळ नाही याची खात्री करून. पीयूके दुसऱ्या डोळ्यातही येऊ शकतो. म्हणून मी स्वतः अशा रुग्णाच्या चांगल्या डोळ्याच्या लिंबसला हात लावायला फार कचरते. हैदराबाद किंवा चेन्नईचं मत घ्यायचं झालं तर ते त्या वेळी घ्या. जाताना आत्ताचे फोटो आणि औषधांचा तारीखवार कागद सोबत न्या.

पुढच्या काळाबद्दल मी आशावादी आहे, आणि तेही ठोस कारणानं. ओसाकाच्या कोजी निशिदांच्या गटानं दात्याच्या साध्या पेशी पुन्हा मूळ अवस्थेत नेऊन घडवलेल्या आयपीएस पेशींमधून कॉर्नियाचा थर तयार केला, २०१९ पासून चार रुग्णांवर बसवला आणि निकाल २०२४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात दिले. त्यात एकाला पेम्फिगॉइड होता आणि एकाला औषधानं अंग सोललेलं, म्हणजे दोघे नेमके त्या अवघड गटातले. चौघांचीही नजर सुधारली, तिघांत ती वर्षभरानंतरही टिकून होती. चारच रुग्ण आहेत, तरी निरोगी डोळ्यातून काही न घेता मूळ पेशी मिळण्याचा रस्ता खुला झाला आहे. तुमच्या आईच्या हयातीत तो आपल्याकडे पोचेलही. तोवर तिचा कॉर्निया शाबूत हवा.

पुढच्या काही आठवड्यांत रात्री झोपताना डोळ्यावर प्लास्टिकची शील्ड लावा, दाबून पट्टी नको. आईला डोळा चोळू देऊ नका, वजन उचलायला, विहिरीचं पाणी शेंदायला लावू नका. अचानक डोळ्यातून कोमट पाणी ओघळलं, एकदम ठणका लागला किंवा नजर घटकेत धूसर झाली तर कॉर्नियाला छिद्र पडलं असं समजून निघा. थेंब घालू नका, शील्ड लावा, वाटेत खायला-प्यायला देऊ नका म्हणजे भूल देता येईल, आणि रविवार असो की रात्र, जवळच्या दवाखान्यात वेळ न घालवता सरळ बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) कॅज्युअल्टीत न्या. मेथोट्रेक्सेट आणि स्टिरॉइड कधी, किती घेतलं ते लिहिलेला कागद सोबत असू द्या.